कोट खुंटीवर, शब्द मानगुटीवर

नाही, पण मी काय म्हणतो, रागवायचं होतं तर सरळ रागवायचं ना! अहो, तीस वर्षं बसतोय दुकानात. रफूचं दुकान आहे माझं. फाटलेलं, जळलेलं, कसर लागलेलं, उंदरानं कुरतडलेलं, सगळं माझ्याकडे येतं, आणि कपड्यांबरोबर माणसांची डोकीही येतात, तापलेली! मला बोलणी खायची सवय आहे. 'काय हो रफूवाले, चार दिवस म्हणाला होतात, आज नववा दिवस!' ऐकून घेतो. 'अहो, हा धागा जरा गडद नाही का वाटत?' ऐकून घेतो. एकानं तर पँट तोंडावर फेकली होती, तीसुद्धा ऐकून... म्हणजे, झेलली. पण या बाईंनी काय केलं माहितेय? एक शब्द टाकला. एकच! आणि तोही इंग्रजी. शब्द टाकला आणि कोट काउंटरवर ठेवून चालत्या झाल्या!

एक्स्क्विझिट.

तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून तीन आठवडे माझी जी दशा झाली ती वैऱ्याची होऊ नये. कोट खुंटीवर आणि शब्द मानगुटीवर!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस मधूनच सुरू होतो. आमची हीसुद्धा तेच म्हणते. तर दुकान. दुकान कसलं, एका बाजूला सलून, दुसऱ्या बाजूला औषधाचं दुकान, आणि मधे जी फट उरली तिला दार लावलंय, तेच माझं दुकान. एक खुर्ची, एक दिवा, एक भिंग, एक काउंटर, आणि खुर्चीत बसलं की बरोब्बर नाकासमोर येईल अशी भिंतीवर एक खुंटी. ती खुंटी तिथे कुणी ठोकली? मीच ठोकली. स्वतःच्या हातानं. म्हटलं, तयार झालेला कपडा डोळ्यांसमोर असावा, बरं वाटतं. बरं वाटतं! आता काय बोलायचं.

तर एक दिवस सकाळी त्या बाई आल्या. सत्तरीच्या असतील, पाठ ताठ, बोलणं मोजकं. राखाडी लोकरी कोट समोर ठेवला आणि म्हणाल्या, "कॉलरपाशी कसर लागली आहे. तेवढं करून द्या." तेवढं! हा 'तेवढं' तुम्ही लक्षात ठेवा हं. मी नाही ठेवला, म्हणून आज तुमच्यासमोर उभा राहून बोंबलतोय.

कॉलरचं भोक होतं शर्टाच्या बटणाएवढं. म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ. पण कोट उलगडला, डावी बाही बाहेर आली, आणि कोपरावर... अरे बापरे! काय सांगू तुम्हाला! राखाडी कोट, आणि त्यावर हिरवा दोरा! हिरवागार! ते रफू नव्हतं, ते ठिगळ नव्हतं, तो अपघात होता. दोरा इकडून घुसलाय, तिकडून निघालाय, मधेच वाट चुकलाय, परत आलाय, स्वतःभोवतीच गुंडाळलाय, आणि शेवटी अक्रोडाएवढी गाठ! ज्यानं कुणी ते केलं त्याचा त्या कोटाशी काही जुना वाद असावा असंच मला वाटलं.

आता आमच्या धंद्यात एक खोड असते. दाताचा डॉक्टर जेवायला बसला तरी समोरच्याचे दात बघतो ना, तसं आमचं. दुसऱ्याचं वाईट काम दिसलं की हात शिवशिवतात. आणि शिवाय, कोट जाणार कुठून? माझ्या दुकानातून. उद्या कुणी विचारलं, 'कुठून केलंत हो हे?' तर बाई काय सांगणार? सलून आणि औषधवाल्याच्या मधल्या त्या माणसाकडून! म्हणजे अब्रू गेली की माझी! म्हटलं, हे आपण करायचं. फुकट करायचं. भेट म्हणून.

झालं, घेतली कात्री, उसवलं सगळं. बसलो दोन दिवस. शिवणीच्या आत जो जास्तीचा कपडा दुमडून ठेवतात ना, त्याला आमच्यात माया म्हणतात. त्या कोटाच्या मायेतून त्याचेच राखाडी धागे काढले, एकेक, केसासारखे, आणि भिंग लावून उभ्यात आडवा, उभ्यात आडवा, असे विणले, की भोक कुठं संपलं आणि कोट कुठं सुरू झाला हे त्या कोटालाही सांगता आलं नसतं. सलूनवाल्याला हाक मारली. म्हटलं, "बघ, कोपरावर काय दिसतंय?" त्यानं बाही इकडे फिरवली, तिकडे फिरवली, म्हणाला, "कुठंय?"

कुठंय! अहो, आमच्या धंद्यात याच्यापुढे कौतुक नाही! ज्याचं काम सापडत नाही तो मोठा. मी त्या दिवशी सलूनवाल्याला चहा पाजला.

पाचव्या दिवशी बाई आल्या. कॉलर बघितली. "कुठं होतं हो ते?" म्हणाल्या. मी असा फुगलो! आणि मग, तुम्हाला सांगतो, माझ्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक, मी डावी बाही त्यांच्या हातात कोंबली आणि म्हणालो, "आणि हे? हे बघा की! माझ्याकडून भेट!"

बाईंनी कोपरावरून बोट फिरवलं. थांबल्या. परत फिरवलं. अंधारात दिव्याचं बटण चाचपतो ना आपण, आहे, इथंच आहे, इथंच होतं, तसं चाचपलं. मग चष्मा काढला, वाकल्या, अगदी नाक टेकेपर्यंत वाकल्या, आणि किती तरी वेळ बघत राहिल्या. मी आपला हसतोय. वाट बघतोय. आणि मग सावकाश, अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"एक्स्क्विझिट."

कोट ठेवला. बाही आत दुमडली. आणि निघाल्या! "अहो ताई, कोट! ताई, कोट राहिला!" मागं वळून बघितलंसुद्धा नाही, नुसता हात वर केला, आणि कोपऱ्यावरून वळल्या.

आता मला सांगा, याचा अर्थ काय लावायचा माणसानं? मी तो शब्द पावतीच्या मागं लिहून ठेवला, आणि कोट खुंटीला लावला. म्हटलं, येतील उद्या. उद्या आल्या नाहीत. परवा आल्या नाहीत. सलूनवाल्याला विचारलं, "काय रे, एक्स्क्विझिट म्हणजे काय?" तो म्हणाला, "कोण म्हणालं?" म्हटलं, "गिऱ्हाईक." "कोट नेला?" "नाही." "मग शिवी असणार!" खुर्चीतला माणूस तोंडाला फेस लावून बसला होता, त्यानंही मान हलवली. गेलो औषधवाल्याकडे. त्यानं पावतीवरचा शब्द वाचला, कपाटात बघितलं, आणि विचारलं, "गोळी हवी की सिरप?" असे हे माझे शेजारी. तीस वर्षं यांच्या मधे बसतोय मी!

आणि इकडे तो कोट. हसू नका, सांगतो ते ऐका. पंखा लावला की डावी बाही हलायची. ठीक आहे, वाऱ्यानं हलते. पंखा बंद केला. थांबली. मी खाली मान घालून सुईत दोरा ओवायला लागलो की वाटायचं, हलली! वर बघावं तर स्तब्ध. कोपरात जरा वाकलेली. लोकरी कोटाला वर्षानुवर्षांची सवय असते, घालणाऱ्याचा वाक त्यात राहतो, मला काय हे माहीत नाही? माहीत आहे! पण म्हणून काय त्यानं माझ्याकडे बघत बसावं? मी कोट उलटा करून भिंतीकडे तोंड करून लावला. तर ते आणखी वाईट! आता कुणीतरी पाठ फिरवून, रुसून उभं राहिल्यासारखं. पाठ फिरवून रुसलेलं माणूस मी घरी बघतोच, पण तिथं निदान कारण माहीत असतं! इथं कारणच माहीत नाही. माझं काम बिघडलं. एका साहेबांच्या जाकिटाला आयुष्यात पहिल्यांदा वाकडा टाका पडला. आणि खुंटीवरून आवाज यायचा, अगदी हळू... एक्स्क्विझिट. खरं सांगतो, घाबरलो मी. कोट खुंटीवर आणि शब्द मानगुटीवर!

शेवटी दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक मास्तरीणबाई राहतात, मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेतात, त्यांच्याकडे गेलो. एका दुपारी. दार उघडलं, मी पावती पुढे केली. त्यांनी शब्द वाचला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, म्हणाल्या, "बसा."

म्हटलं, "बाई, आधी एवढंच सांगा, हे चांगलं की वाईट?"

"चांगलं. विशेषण आहे. सुंदर."

"सुंदर? एवढंच ना? मग सरळ ब्युटिफुल म्हणायचं की! ब्युटिफुल मला येतं!"

झालं, बाई खवळल्या. "ब्युटिफुल काहीही असतं! हे तसं नव्हे. वापरून दाखवा बघू एका वाक्यात."

आता आली का पंचाईत! मी आपला शाळेत उभा केल्यासारखा उभा. म्हटलं, "डोंगर एक्स्क्विझिट आहे."

"चूक. डोंगर लांबून दिसतो."

"मोटार?"

"चूक."

"हत्ती?"

"हत्ती!" बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, जे नाजूक आहे, रेखीव आहे, कुणीतरी जीव ओतून केलंय, जे बघायला जवळ जावं लागतं, वाकावं लागतं, श्वास जरा रोखावा लागतो, त्याला हा शब्द. हत्ती बघायला वाकावं लागतं का तुम्हाला?"

वाकावं लागतं! माझ्या डोक्यात एकदम दिवा लागला. बाई वाकल्या होत्या! चष्मा काढून वाकल्या होत्या! म्हणजे माझ्या कामाला म्हणाल्या! अहो, मला तर वाटलं आता उडतो की काय. जिना तीन-तीन पायऱ्या गाळत उतरलो, या वयात! सलूनवाल्याला ओरडून सांगितलं, "शिवी नाही रे, विशेषण आहे!" गिऱ्हाईक दचकलं, कानाला ब्लेड लागता लागता वाचलं.

घरी गेलो तर आमची ही आरशासमोर केस विंचरत होती. म्हटलं, शब्द नवा आहे, वापरून बघावा. जवळ गेलो, वाकलो, श्वास रोखला आणि म्हणालो, "एक्स्क्विझिट!"

ती म्हणाली, "काय सांडलं?"

आता यात तिचीही चूक नाही. मी तीस वर्षांत तिला एकच विशेषण वापरलंय. जेवण कसं झालंय? ठीक आहे. पडदे कसे दिसतात? ठीक आहे. मी कशी दिसते? ठीक आहे. मला आपलं वाटायचं, ही स्तुतीच आहे! जे ठीक नाही ते मी उसवतो, हा माझा धंदा. असो. तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. कॉलर, कोपर, डोंगर, हत्ती, सगळं. तिनं ऐकून घेतलं. आणि कंगव्यातले केस काढत म्हणाली,

"एवढं आवडलं, तर कोट का नाही नेला?"

मी पावती उलटसुलट करून बघायला लागलो.

"आधी काय होतं तिथं?"

"गाठोडं होतं गं, हिरव्या दोऱ्याचं. इतकं घाण काम..."

"कुणी केलं होतं?"

कुणी केलं होतं? तीस वर्षं मी लोकांचं उसवतोय, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता! काय केलंय, ते बघायचं. किती वाईट केलंय, ते बघायचं, हसायचं, उसवायचं. कुणी? छे!

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं आणि पहिल्यांदा काउंटरखालचा पत्र्याचा डबा बाहेर काढला. आमची एक रीत असते, उसवलेला दोरा टाकायचा नाही. कधी कुठला रंग जुळेल सांगता येत नाही. टाकायचा डब्यात. तीस वर्षं टाकतोय. झाकण उघडलं. वरच हिरवा दोरा होता, लांबलचक, आणि अजून वाकडा. जिथं जिथं वळला होता तिथं तिथं वळण धरून बसलेला. एका ठिकाणी कडक झालेला, तपकिरी. मी भिंग लावलं. रक्त होतं हो ते. वाळलेलं. सुई बोटात गेली होती कुणाच्या तरी.

आणि त्याच्याखाली बाकीचे. लाल, पिवळे, काळे, पांढरे, कुणी शाळेच्या घाईत घातलेले, कुणी डोळे अधू झाल्यावर घातलेले, कुणाच्या आईनं, कुणाच्या काकानं, कुणी घरापासून लांब एकट्यानं राहताना स्वतःच स्वतःचं शिवलेले... सगळ्यांची वळणं तशीच. मी सगळ्यांना हसलो होतो. दुपारचे दोन, बाहेर लख्ख ऊन, सलूनमध्ये रेडिओ चालू, आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. एवढ्याशा दुकानात माणसं दाटीवाटीनं उभी आहेत असं वाटायला लागलं. सगळे नुसते हात पुढे करून उभे. मी डबा बंद केला, बाहेर येऊन उभा राहिलो. सलूनवाला म्हणाला, "काय रे, तोंड पांढरं का पडलं?" म्हटलं, "काही नाही, जरा गर्दी झाली होती." त्यानं आत डोकावून बघितलं, आणि तेव्हापासून तो माझ्याशी जरा जपूनच बोलतो.

पावतीच्या पुस्तकात बाईंचा पत्ता होता. गेलो. तिसरा मजला. दार त्यांनीच उघडलं. मला ओळखलं. "या," म्हणाल्या. आतल्या खोलीत खिडकीपाशी एक टेबल, दोन खुर्च्या. एका खुर्चीवरची उशी चपटी झालेली, दुसरीवरची फुगलेली. त्या चपटीवर बसल्या. मी फुगलेलीवर बसायला गेलो आणि का कोण जाणे, उभाच राहिलो.

म्हटलं, "ताई, कोपराचं ते... कुणी केलं होतं?"

"ह्यांनी," त्या म्हणाल्या.

बस. एवढंच म्हणाल्या, आणि मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

मग हळूहळू सांगितलं त्यांनी. त्यांचे मिस्टर गोदीत क्रेन चालवायचे. वीस-वीस टनांची खोकी इतकी अलगद खाली ठेवायचे म्हणे, की खालच्यांना आवाज यायचा नाही. मग आजारी पडले. घरी बसले. हात थरथरायचे. बाईंचा कोट दाराच्या खिळ्याला अडकून कोपरात फाटला. त्या म्हणाल्या, राहू दे, रफूवाल्याकडे देऊ. ते म्हणाले, "मी काय मेलोय का?" आणि बसले तीन दिवस, मी बसायला गेलो त्याच खुर्चीत.

"पण हिरवा दोरा का हो?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण माझा धंदा आहे ना तो!

"सुईत आधीच ओवलेला होता," त्या म्हणाल्या. "दुसरा ओवायला जमेना त्यांना. आणि मला ओवू देईनात."

चौथ्या दिवशी त्यांनी बाईंना तो कोट घालायला लावला. पुढच्या आठवड्यात गेले. चार हिवाळे त्या तो घालतायत. आणि बाई म्हणाल्या, "इथं टेबलावर कोपर टेकलं ना, की ती गाठ टोचायची. रोज. मी म्हणायचे, अहो, टोचतंय." आणि हसल्या. हसल्या हो! मला रडू येत होतं आणि त्या हसत होत्या.

"मग माझ्यावर रागवायचं ना, ताई! चार शिव्या द्यायच्या!"

"कशाबद्दल? तुमचं काम इतकं सुंदर झालं होतं... ते मी खरंच म्हणाले. खोटं बोलायची सवय नाही मला. पण तो कोट घेऊन घरी यायला पाय उचलेना."

म्हटलं, "ताई, दोरा आहे माझ्याकडे. सगळा. एक आठवडा द्या." त्या टेबलाची कड घट्ट धरून बसून राहिल्या.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, चांगलं करायला अक्कल लागते, वाईट करायला काय लागतं? अहो, या करून दाखवा! आधी स्वतःचं काम उसवायचं. स्वतःचं! ज्याला सलूनवाला 'कुठंय' म्हणाला होता ते! मलाच सापडेना कुठून कापू! भिंग लावून अर्धा तास शोधत होतो, शेवटी डोळे मिटून कात्री चालवली. मग हिरवा दोरा ओवला आणि बसलो. केलं. बघितलं. सुबक! इतकं रेखीव हिरवं रफू झालं होतं की चौकटीत लावावं. उसवलं. डाव्या हातानं केलं. तेही सरळ! मेला, डावा हातसुद्धा शिकून बसलाय! उसवलं. डोळे मिटून केलं. गाठ आली, पण काय गाठ! गोल, गुळगुळीत, मोत्यासारखी! ही कुणाला टोचणार? तीन दिवस, तुम्हाला सांगतो, तीन दिवस मी वाईट काम करायचा जिवापाड प्रयत्न केला आणि मला जमलं नाही. दोरा विरायला लागला. आणखी दोन-तीनदा उसवला असता तर तुटला असता, आणि मग संपलंच. त्या माणसाचं तेवढंच तर राहिलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी ही जेवणाचा डबा घेऊन दुकानात आली. मी कोट मांडीवर घेऊन बसलोय, हातात सुई, डोळ्यांत पाणी. तिनं डबा ठेवला आणि हात पुढे केला. "द्या इकडे."

आता हिचं शिवण! लग्नाच्या पहिल्या वर्षी हिनं माझ्या सदऱ्याचं बटण लावलं होतं, ते सदऱ्यासकट माझ्या बनियनला शिवलं गेलं होतं. तेव्हापासून मी हिला सुईला हात लावू दिलेला नाही. आणि हसायचो, पाहुण्यांसमोर हसायचो त्या बटणावरून. पण त्या दिवशी म्हटलं, घे. घे बाई.

मी दोरा उजेडाकडे धरला आणि त्याची वळणं वाचत गेलो. "इथं आत घाल. आता इथं अडलाय बघ, इथं थांबला असणार. परत मागं घे. हां, इथं दोनदा. इथं चुकला. इथं..." ती घालत गेली. तिचे टाके वाकडे, लांबडे, एकावर एक. दोरा आपसूक जुन्या वळणात जाऊन बसायला लागला. आम्ही दोघंच होतो दुकानात, पण तुम्हाला सांगतो, तिसरा होता. कोपऱ्यात बसून खोकत होता, 'मला ओवू दे' म्हणत होता. मला त्या दिवशी भीती नाही वाटली. ते तपकिरी टोक आलं आणि ही एकदम "आई गं!" म्हणाली. हिच्याही बोटात गेली सुई. त्याच जागी. आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग तिनं शेवटची गाठ मारली. अक्रोडाएवढी.

बाई आल्या त्या दिवशी मी खुंटीवरून कोट काढला आणि त्यांना घालायला धरला. त्यांनी घातला. बटणं लावली. मग सावकाश काउंटरवर डावं कोपर टेकलं. आणि डोळे मिटले. बाहेर सलूनवाला आणि औषधवाला दोघंही दारात येऊन उभे, कात्रीचा आवाज बंद, रेडिओ बंद.

"त्यांनी घातलेलं नाही हे," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "कळतं मला."

माझा जीव खाली-वर.

"पण टोचतंय."

मग त्यांनी डोळे उघडले. चष्मा काढला. बाही वळवली, वाकल्या, नाक टेकेपर्यंत वाकल्या, त्या हिरव्या गाठोड्याकडे किती तरी वेळ बघितलं... आणि हळूच म्हणाल्या,

"एक्स्क्विझिट."

आणि माझ्या मागं उभी राहून आमची ही म्हणते, "थँक्यू!"

म्हणजे बघा! तीस वर्षं डोळे फोडले मी, आणि शब्द गेला कुणाला? जिनं सदऱ्याला बनियन शिवलं तिला!

कोट गेला. खुंटी रिकामी आहे. तिला मी काही लावत नाही आता. आणि धंद्याचं म्हणाल, तर तो बसलाच. कारण हल्ली कुणी कपडा आणला आणि त्यावर जुना वेडावाकडा टाका दिसला की मी उसवायच्या आधी विचारतो, "हे कुणी शिवलंय?" माणूस आधी चिडतो, मग आठवतो, मग बसतो, आणि तासभर सांगतो. निम्मे जण कपडा तसाच परत घेऊन जातात. डबा अजून काउंटरखाली आहे. कधीकधी दुपारी गर्दी होते. होऊ दे, मी सरकून बसतो.

पण शब्द काही मानेवरून उतरत नाही हो! एकदा, फक्त एकदा, सरळपणानं, पूर्णपणे माझ्या कामाला कुणी म्हणावं! परवा एक मफलर आला, सिगारेटनं जळलेला. असा केला, असा केला, की आयुष्यात केला नव्हता. घरी घेऊन गेलो. हिच्या हातात दिला. तिनं भिंग घेतलं. हो, आता भिंग तिच्याकडे असतं! खिडकीपाशी गेली. वाकली. श्वास रोखला. म्हटलं, आता म्हणेल. शब्द माहितेय तिला, वापर माहितेय, जीभही वळते! मागून बघितला, पुढून बघितला, उजेडाला धरला, घडी घातली, माझ्या हातात दिला आणि म्हणाली,

"ठीक आहे."